चौथा ठोका

जुन्या मोटरसायकलचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. मोकळ्या रस्त्यावर पळवली तर तक्रार नाही. गर्दीत हळू घेतली की अडखळते, गचके देते, आणि सिग्नलला उभी केली की धापा टाकत बंद पडते. गॅरेजच्या भाषेत याला 'स्लोला मिसिंग' म्हणतात. थोरल्याने अशा इतक्या गाड्या सरळ केल्या होत्या, की गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावेपर्यंत त्याच्या मनात निदान तयार असायचं.

गॅरेज दोघा भावांचं. इंजिन आणि कार्बोरेटर थोरल्याकडे. वायरिंग, बॅटरी आणि गिऱ्हाइकांशी गप्पा धाकट्याकडे. थोरल्याने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायचा, जसं काही दळण आणायचं राहून गेलं. घर मागच्याच गल्लीत, एकत्र. धाकट्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. तिची पहिली मुलगी दुसरीत होती आणि थोरल्याचा सगळा जीव त्या पोरीत होता. तिचं खरं नाव फक्त शाळेपुरतं. घरी सगळे तिला ठिणगी म्हणायचे, आणि ते नाव ठेवणारा कोण हे सांगायलाच नको.

त्या दिवशी सकाळी दुकानात सिस्टर आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं देणं, गरोदर बायकांची तपासणी करणं हे त्यांचं काम. धाकट्याच्या बायकोलाही त्याच तपासायच्या. त्यांची गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची आठवण. एकाच सिलिंडरची, जड, संथ, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल अशी. वडील गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं विकून टाक, पण त्यांनी विकली नव्हती.

"मोठ्या रस्त्यावर लोण्यासारखी चालते हो," सिस्टर हेल्मेट काढत म्हणाल्या. "पण गल्लीबोळात हळू घेतली की कण्हायला लागते. गेल्या काही दिवसांतच सुरू झालंय हे. आणि तेही सगळीकडे नाही. कुठे कुठेच."

'कुठे कुठेच' हे थोरल्याने ऐकलं आणि सोडून दिलं. गिऱ्हाइकं असं बोलतातच. कुणाची गाडी फक्त सोमवारी बंद पडते, कुणाची फक्त सासुरवाडीच्या रस्त्यावर.

"ठेवून जा," तो म्हणाला. "स्लो जेटमध्ये, पेट्रोलच्या त्या बारक्या भोकात, कचरा असेल. संध्याकाळी न्या."

त्या गेल्यावर त्याने किक मारली. गाडी लगेच चालू झाली. त्याने हात अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला आणि कान दिला.

धप, धप, धप. मग काहीच नाही. पुन्हा धप, धप, धप. पुन्हा काहीच नाही.

थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. कचरा अडकलेला जेट वेडावाकडा चुकतो. दोन ठोके बरे देतो, सात देतो, मग एकदम दोन गाळतो. कुठून हवा घुसत असेल तर इंजिन दम लागलेल्या माणसासारखं वरखाली होतं. यंत्राच्या चुकीला शिस्त नसते, म्हणून तर ती चूक. ही गाडी मात्र मोजून चुकत होती. तीन ठोके आणि चौथा गायब. पुन्हा तीन, आणि चौथा गायब.

तो कामाला लागला. त्याचा नियम साधा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालू करून ऐकायचं. दोन एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. त्याने कार्बोरेटर उतरवला, स्लो जेट काढून उजेडाकडे धरला. भोक स्वच्छ, सुईच्या टोकाएवढं, पलीकडचं आभाळ दाखवणारं. तरी धुतला, हवा मारली, परत बसवला. तीन ठोके आणि चौथा गायब. इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर तेलाच्या ब्रशने सगळीकडून ओलं केलं. कुठे चीर असती तर आवाज बदलला असता. बदलला नाही. प्लग काढला, तर त्याचं टोक भाजलेल्या विटेच्या रंगाचं, हवं तसं. तरी नवा टाकला. पॉइंटचा गॅप, कंडेन्सर, टॅपेट, एकेक करत सगळं झालं. प्रत्येक वेळी किक, आणि प्रत्येक वेळी तेच.

दुपारी त्याने धाकट्याला हाक मारली. धाकट्याने टायमिंगचा दिवा प्लगच्या वायरीला लावला. प्रत्येक स्पार्कला तो दिवा एकदा लुकलुकतो.

"पडतोय की स्पार्क," धाकटा म्हणाला. "चौथ्यालाही पडतोय. बघ ना."

थोरल्याने पाहिलं. दिवा चारही वेळा लुकलुकत होता. म्हणजे स्पार्क होता, पेट्रोल येत होतं, दाबही भरपूर होता. फक्त ठोका नव्हता.

तो मागे जाऊन उकिडवा बसला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी त्याने तळहात धरला. गरम फुंकर, गरम फुंकर, गरम फुंकर. चौथ्याला काहीच नाही. इथे मात्र त्याने हात झटकून पुन्हा धरला. कारण आत पेट्रोल पेटलं नाही, तरी पिस्टन वर येतोच आणि असेल ती हवा बाहेर ढकलतोच. न जळलेल्या पेट्रोलचा वास तरी यायला हवा. वास नव्हता. फुंकरच नव्हती. त्या एवढ्याशा वेळात तळहातासमोर इंजिनच नसल्यासारखं वाटत होतं.

"चहा सांगतो," धाकटा म्हणाला. "तू हात धुऊन ये. डोकं गरम झालंय तुझं."

नळ गल्लीच्या टोकाला होता. थोरला बोटांना साबण चोळत उभा असताना मागून आरोळी आली.

"दादा! अरे, काय केलंस जाताना? सरळ झाली!"

त्याने नळ बंद केला आणि ऐकलं. खरंच. धप, धप, धप, धप, एकसारखे, भरलेले ठोके. तो हात तसेच ओले घेऊन परत निघाला. दुकानाच्या पायरीपाशी आला आणि ठोका तुटला.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. "तुला बघून लाजते रे! इतकी वर्षं कुणी लाजलं नाही, आता मिळाली एकदाची."

थोरलाही हसला. मग उगाच पुन्हा नळापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला धाकट्याचं हसणं थांबलं.

"थांब," तो म्हणाला. समोर शिंपीकाकांचं दुकान होतं. तिथून तो खडूचा तुकडा घेऊन आला. "मी गाडीकडे तोंड करून बसतो, तुझ्याकडे पाठ. तू हळूहळू ये. ठोका तुटला की मी ओरडतो. तू आहेस तिथेच थांबायचं."

थोरला नळापासून चालत आला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा.

"तुटला!" पाठमोरा धाकटा ओरडला.

थोरल्याने पायाशी रेघ मारली. एक पाय मागे घेतला.

"जुळला!"

पाय पुढे.

"तुटला."

मग दोघांनी जागा बदलल्या. धाकटा दहा वेळा रेघेवरून इकडून तिकडे गेला, नाचलादेखील. गाडीला त्याचं काही नव्हतं. तेवढ्यात सायकलवरून पोस्टमन गेला, एक कुत्रं गेलं. ठोका तसाच राहिला, तीन आणि एक पोकळ, कारण आता थोरला गाडीपाशी उभा होता.

सकाळपासून त्याने एकेक करून सगळं बदलून पाहिलं होतं. बदलला नव्हता तो फक्त तो स्वतः.

संध्याकाळी सिस्टरांना निरोप गेला, उद्या या. भावांनी शटर ओढलं. घरी जाताना धाकटा एरवी अखंड बडबडायचा. त्या दिवशी तो पूर्ण रस्ताभर एकच वाक्य बोलला, "वीज असते म्हणतात काहींच्या अंगात." आणि मग स्वतःलाच ते पटलं नाही म्हणून गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानाकडे निघाला, तेव्हा धाकट्याने आधीच जाऊन गाडी चालू करून ठेवली होती. थोरला अजून नळापाशीही पोचला नव्हता. धाकटा दारात येऊन दोन्ही हात हलवत होता. ये म्हणत नव्हता. थांब म्हणत होता.

कालची खडूची रेघ दुकानाच्या पायरीशी होती. आज ठोका गल्लीच्या तोंडाशीच तुटला होता.

थोरला तरी आत गेला. जाणार कुठे? काम पडलं होतं. पण त्या सकाळी काहीच धड होईना. एका गिऱ्हाइकाची चांगली चालती स्कूटर दारात येऊन घुसमटली. हवा भरायचा कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं एका सुरात घरघरायचा, तो थांबून थांबून घरघरू लागला. धाकटा प्रत्येक वेळी मान वर करून भावाकडे बघायचा आणि लगेच नजर काढून घ्यायचा. थोरल्याला ती नजर काढून घेणंच जास्त लागत होतं.

मग समोरून शिंपीकाका आले. त्यांच्या हातात एक बाही होती.

"तुमच्याकडे बारीक तेल आहे का रे?" ते म्हणाले. "मशीनला काय झालंय कळत नाही. टाके सोडतंय. सुई बदलली, दोरा बदलला."

थोरल्याने बाही हातात घेतली. पांढऱ्या कापडावर निळा दोरा होता. तीन टाके, मग एका टाक्याची मोकळी जागा. तीन टाके, मोकळी जागा. बाहीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोकळ्या जागेत सुईचं भोक पडलेलं होतं. दोरा मात्र त्यातून गेलाच नव्हता.

"कधीपासून? म्हणजे मशीन काल कसं होतं?" त्याने विचारलं.

"काल झकास होतं," शिंपीकाका म्हणाले. "आजच सकाळपासून. तू आलास ना दुकानात, साधारण तेव्हापासून."

त्यांनी ते सहज, वेळ सांगावी तसं सांगितलं. तेल घेतलं आणि गेले. धाकटा वायर सोलत होता. त्याचा हात वायरीवरच थांबला.

सिस्टर आल्या तेव्हा थोरला दारातच उभा होता. त्याने त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"सिस्टर, तुम्ही काल म्हणालात, गाडी कुठे कुठेच अडते. कुठे कुठे?"

"बाई गं! आता आठवायला हवं." त्यांनी बोट ओठाला लावलं. "शाळेच्या फाटकाशी अडली, सकाळी. मग भाजी बाजाराच्या वळणावर. बँकेसमोर एकदा तर बंदच पडली, मागचे सगळे शिव्या घालत होते. आणि तुमच्या घरी तुमच्या भावजयीला तपासायला येते तेव्हा दारात."

थोरला मनात एकेक जागा लावत गेला. शाळेच्या फाटकाशी तो रोज सकाळी ठिणगीला सोडतो. भाजी तोच आणतो. बँकेत तो मागच्याच आठवड्यात रांगेला उभा होता, बाहेर फूटपाथपर्यंत आलेल्या.

सिस्टर मात्र हसत होत्या. "अहो, म्हणून तर तुमच्याकडे आणली! गाडी जेव्हा जेव्हा अडली, तेव्हा मान वर केली की तुम्ही दिसायचात. म्हटलं, हा इशाराच आहे. गाडी यांच्याकडेच न्यायची."

धाकट्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

"सिस्टर," थोरला म्हणाला, "माझी नाडी बघता?"

त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, त्याचं काळं मनगट आपल्या स्वच्छ बोटांत धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. थोरला खाली मान घालून वाट पाहत होता. त्याला वाटत होतं, आता त्या दचकतील. आता म्हणतील, तुमचा चौथा ठोका लागत नाही. आणि त्याला त्या क्षणी तेच हवं होतं. दुखणं सापडलं असतं. आपल्या आत काही बिघडलंय, ते डॉक्टरला दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, एवढंच राहिलं असतं.

"ठणठणीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "इतकी सरळ नाडी मी कुणाची बघितली नाही हो. अगदी कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखी. काय होतंय तुम्हाला?"

त्याने मान वर केली. त्या त्याच्यावर वाकल्या होत्या, त्यामुळे त्यांचा गळा त्याच्या डोळ्यांसमोर होता. कॉलरच्या वर, कानाच्या खाली, एक शीर बारीक उडत होती.

एक. दोन. तीन.

त्वचा सपाट.

एक. दोन. तीन.

सपाट.

त्याने हात झटकन सोडवून घेतला. स्टूल मागे पडलं. सिस्टर "अहो, अहो" म्हणत राहिल्या. तो मागे सरकत सरकत दुकानाच्या बाहेर गेला आणि गल्लीत येऊन उभा राहिला.

त्याला घराकडे जायचं नव्हतं. घरात सातव्या महिन्याची बाई दुपारची आडवी झाली होती, आणि तिच्या पोटात बाळ होतं. तो उलट दिशेला वळला. पण शाळा सुटली होती. गल्लीच्या तोंडाशी शाळेची रिक्षा थांबलेली होती आणि दप्तर पाठीवर उडवत ठिणगी पळत येत होती.

"काका!"

"तिथेच थांब," तो ओरडला. "ठिणगे, थांब!"

तिला तो खेळ वाटला. ती आणखी जोरात पळाली आणि रोजच्यासारखी येऊन त्याच्या कमरेला बिलगली. पळाल्यामुळे तिची छाती त्याच्या मांडीवर धडधडत होती. चिमणीएवढं काळीज. त्याला प्रत्येक धडक कापडातून कळत होती.

धडधडधड. आणि काही नाही.

धडधडधड. आणि काही नाही.

त्याने तिला ढकललं.

आयुष्यात पहिल्यांदा. तो तिला खांद्यावर घेऊन फिरला होता, तिच्या तापात उशाशी बसला होता, तिला कधी मोठ्या आवाजात बोलला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी ढकललं आणि ती दप्तरावर उताणी पडली. क्षणभर ती रडलीच नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने जो टाहो फोडला त्याने शिंपीकाका बाहेर आले, रिक्षावाला उतरला, धाकटा धावत आला.

आणि तो टाहोसुद्धा मध्ये मध्ये तुटत होता.

"दादा!" धाकट्याने मुलीला उचललं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वेड लागलं का तुला?"

"तिला घेऊन जा," थोरला म्हणाला. "तिच्या छातीवर हात ठेव आणि मागे मागे जा. माझ्यापासून लांब. जा!"

धाकट्याने मुलीच्या छातीवर हात ठेवला. आधी रागाने, मग हळूहळू. तो मागे जाऊ लागला. गल्ली ओलांडली, दुकानं ओलांडली. खूप लांब गेल्यावर तो थांबला. तिथून त्याने हात वर केला. त्या हाताचा अर्थ थोरल्याला कळला. जुळला.

धाकटा तिथेच उभ्या उभ्या रडायला लागला. थोरला वळला आणि चालू लागला.

गावाबाहेर त्यांचं एक गोदाम होतं. जुन्या गाड्यांचे सांगाडे, टायर, गंजलेल्या टाक्या. समोर मोठं पटांगण आणि टोकाला लोखंडी फाटक. आसपास वस्ती नाही. थोरल्याने तिथे एक बाज टाकली आणि तो राहू लागला. धाकट्याच्या बायकोने फोनवर फार विनवण्या केल्या. "भाऊजी, पोरगी विसरली सुद्धा ते. तुम्ही आपल्या घरी या. डॉक्टरला दाखवू." तो 'बघू' म्हणायचा आणि फोन ठेवायचा. ती बोलत असताना एखादं वाक्य मध्येच तुटतंय का, याकडेच त्याचा सगळा कान असायचा. तुटायचं नाही.

धाकटा डबा घेऊन यायचा. डबा फाटकाशी ठेवायचा आणि तिथूनच बोलायचा, मोठ्याने. त्यांनी एक रीत ठरवली होती. धाकटा स्कूटर फाटकाशी चालूच ठेवायचा. तिचे ठोके इतके भरभर पडत, की पटांगणाच्या या टोकाला थोरल्याला नुसती गुणगुण ऐकू यायची. म्हणून ऐकायचं काम धाकट्याचं. ठोके सरळ असले की तो हात वर करायचा. हात रोज वर व्हायचा.

"सिस्टरांची गाडी मस्त चालतेय," तो ओरडून सांगायचा. "शिंपीकाकांचं मशीनही. काल घरी तपासणी झाली. सिस्टरांनी कानाला ते लावून बाळाचे ठोके ऐकले. म्हणाल्या, घोड्यासारखं दौडतंय."

थोरला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. त्याला वाटायला लागलं, असंही जगता येईल. अंतर ठेवून, लांबून बघत. माणसं बोटीवर जातात, परदेशी जातात, तशातलंच हे. सकाळी तो पटांगण झाडू लागला. एक जुनं इंजिन उघडून बसला. ते चालू करायचा प्रयत्न मात्र त्याने केला नाही.

"ठिणगी मागे लागलीय," धाकटा एकदा फाटकातून म्हणाला. "काकाला बघायचंय म्हणते. आणू? इथेच उभी करतो, माझ्याजवळ. आत सोडत नाही."

थोरल्याने हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाला, "आधी स्कूटर ऐकायची. मग तिला उतरवायचं."

ते आले ते सकाळच्या स्वच्छ उन्हात. धाकट्याने स्कूटर उभी केली, वाकून ऐकली, हात वर केला. इंजिन बंद केलं. मग ठिणगीला उतरवून फाटकाच्या आडव्या पट्टीवर उभं केलं. तिने नवीन रिबिनी बांधल्या होत्या. तिने हात हलवला. थोरल्याने पटांगणाच्या दुसऱ्या टोकाहून हात हलवला. त्याचे डोळे भरून आले होते, पण एवढ्या लांबून ते कुणाला दिसणार नव्हतं.

"काका, तू कधी येणार?" ती ओरडली.

"येईन गं."

"मला तिनाचा पाढा येतो आता!"

"म्हणून दाखव की!"

धाकटा कौतुकाने फाटकाला टेकला आणि बोटाने पट्टीवर ताल धरू लागला. टण, टण, टण. तो आवाज पटांगणावरून स्पष्ट येत होता. ठिणगीने हात मागे बांधले, शाळेत उभी राहते तशी.

"तीन एके तीन!"

"तीन दुणे सहा!"

"तीन त्रिक नऊ!"

तिचं तोंड मिटलं.

धाकट्याचं बोट पट्टीच्या वर हवेत होतं. खाली आलं नाही. एका ओळीला लागतो तेवढा वेळ ती दोघं तशीच राहिली, डोळे उघडे, नजरेत काहीच नाही. वाऱ्याने उडणारी रिबीन तेवढी उडत होती.

"तीन पाचे पंधरा!"

टण.

"तीन सक अठरा!"

टण.

"तीन सत्ते एकवीस!"

पुन्हा ते मिटलेलं तोंड. पुन्हा हवेत थांबलेलं बोट. मग "तीन नव्वे सत्तावीस," आणि "तीन दाहे तीस," आणि टाळ्या. टाळ्या धाकट्याने वाजवल्या.

"एक चूक नाही!" तो ओरडला. "बघितलंस दादा? घडाघडा!"

थोरल्याने एकेक ओळ बोटांवर मोजली.

"मधलं राहिलं," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "ठिणगे, तीन त्रिक नऊ. मग काय?"

"मग तीन पाचे पंधरा."

"त्याच्या आधी. तीन चोक?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मुलीकडे. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. काका कुठल्या तरी भलत्याच भाषेत बोलला, असा.

"चोक?" धाकटा म्हणाला. "अरे दादा, पाढ्यात कुठला चोक? कार्बोरेटर काढ आता डोक्यातून!"

थोरला उभा होता तिथेच बाजेच्या कडेला बसला. रोज वर होणारा हात त्याला आठवला. स्कूटर ऐकून हा वर करायचा. याच कानांनी ऐकून, चौथा गळलेलाही ज्यांना आता कळत नव्हता. आणि बाळाचे ठोके सिस्टरांनी ऐकले होते, त्यांच्याही अशाच कानांनी.

"सांग गं काकाला," धाकटा म्हणत होता. "चोक कशाला असतो?"

"कार्बोरेटरला!" ठिणगी खुशीत ओरडली.

फाटकाशी दोघं बापलेक हसायला लागली. हसता हसता दोघं एकाच क्षणी थांबली. तोंडं उघडीच, डोळे कुठेही न बघणारे. पटांगणावर काहीच ऐकू येईना.

मग दोघं एकदमच पुन्हा हसू लागली.